तिसऱ्या ओळीनंतरचा थांबा

शनिवार, ४ मे १९७४

आज हॉलमधल्या शनिवारच्या नाचात पुन्हा तेच. ओपलमावशी गाताना तिसऱ्या ओळीनंतर थांबली आणि माझं गिटार एकटंच पुढे गेलं. नाचणाऱ्या जोड्यांचे पायसुद्धा थांबले होते! या खोऱ्यात सगळ्यांना तो थांबा ठाऊक आहे. दोन वर्षं मावशीला साथ करतोय, तरी मलाच सापडत नाही.

बँजो खाली ठेवत हॉबर्टकाका म्हणाला, "काय रे वेंडल, कोळशाची गाडी गाठायची होती का?"

मंगळवार, ७ मे

मावशीच्या पडवीत बसून तालीम. ती घेवडा निवडत गात होती. तिला वेगळं गायला बसावं लागतच नाही. धुणं वाळत घालताना, डुकरांना खायला घालताना तीच जुनी गाणी. आज तेच थांब्याचं, नदीकाठच्या विधवेचं गाणं म्हणाली. किती वेळा ऐकलंय, तरी त्यातली होडी काठ सोडते तिथे मी वाजवायचं विसरतो.

मी विचारलं, "मावशी, तू कधी दोन ठोके थांबतेस, कधी पाच. नक्की किती?"

"लागतील तेवढे."

"पण मी वाजवू कसं?"

"आठवीत शाळा सोडलीस, फूटपट्टी मात्र घेऊन आलास."

मग स्वतःच सांगू लागली. एकोणिसाव्या वर्षी तिला शहरात रेडिओवर गायला बोलावलं होतं. साहेब म्हणाला, हा थांबा काढून टाक, लोकांना वाटेल रेडिओ बंद पडला.

"मग?"

"मग काय! पुढच्या बसने घरी. आईने ताकात मक्याची भाकरी कुस्करून दिली. दोन वाट्या खाल्ल्या."

एका थांब्यासाठी रेडिओ सोडला. मला तर हॉबर्टकाकाने नुसतं वळून पाहिलं तरी घाम फुटतो.

गुरुवार, ९ मे

हॉबर्टकाकाकडून कळलं. मावशीच्या गळ्यात गाठ आहे. येत्या बुधवारी लेक्सिंग्टनच्या इस्पितळात ऑपरेशन. जीवाला धोका नाही, पण आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.



शनिवार, ११ मे

आज मावशीने एकही गाणं शिल्लक ठेवलं नाही. आवाज मधूनमधून खरखरत होता. ते लपवायला ती गेली नाही. खरखरीवरूनच गात गेली. शेवटी ते विधवेचं गाणं. तिसरी ओळ आली तशी मी भीतीने तारांवरून हातच उचलला.

सामान आवरताना धीर करून विचारलं, "मावशी, पण थांबतेस का?"

"बाबा थांबायचे म्हणून."

तिचे वडील खाणीत होते. छातीत कोळशाची धूळ बसलेली. संध्याकाळी पडवीत हेच गाणं म्हणायचे. तिसऱ्या ओळीला दम संपायचा. पोरं खाली मान घालून बसायची, त्यांचा श्वास परत येईपर्यंत.

"मला वाटायचं, गाणंच तसं आहे," मावशी म्हणाली. "बाबा गेल्यावर दुसऱ्या कुणाकडून न थांबता सरळ ऐकलं, तेव्हा कळलं. आता मी ते सरळ कसं म्हणू, सांग?"

मी गिटार पेटीत ठेवलं.

शनिवार, १८ मे

गाठ साधी निघाली. आवाज गेला. कॉफी हवी असली की मावशी चमच्याने कप वाजवते. "तोही तालात," हॉबर्टकाका म्हणाला, आणि तोंड फिरवून उभा राहिला.

हॉलमध्ये आज कुणी वाजवलं नाही.

रविवार, २६ मे

दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे आज टेकडीवर सगळ्यांनी आपापल्या माणसांच्या कबरी साफ केल्या, फुलं ठेवली. जेवणासाठी चादरी अंथरल्या. दरवर्षी जेवणाआधी मावशी वडिलांच्या कबरीपाशी ते गाणं म्हणते. आज सगळे नुसतेच उभे.

तिने माझ्या गळ्यातलं गिटार काढून घेतलं, स्वतःच्या गळ्यात अडकवलं, सुरुवातीचे सूर वाजवले आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी आजवर लोकांसमोर गायलो नव्हतो. तरी सुरुवात केली.

तिसऱ्या ओळीला घाबरून माझाच दम संपला. मावशीचा हात तारांवर थांबला. खाली मान घालून ती उभी राहिली, माझा श्वास परत येईपर्यंत.