पाणीवाल्याची जागा

३ एप्रिल १९५४

अर्ज दिला. पाणीवाल्याची जागा रिकामी आहे—म्हातारे पांडे काम सोडून गावी गेले. आजवर या स्टेशनात पाणी पाजणारा ब्राह्मणच. नाव कोणी विचारत नाही. खिडकीतून हाक येते—"पांडे, पानी!"

मी नऊ वर्षं हमाल. मॅट्रिक पास. माझ्या डोक्यावर ट्रंक चालते, वळकटी चालते. पाण्याची सुरई मात्र उतारू स्वतः उचलतो.

५ एप्रिल

स्टेशनमास्तर गुणवंतराव वाईट माणूस नाही. अर्ज वाचून म्हणाले, "दादाजी, महाराच्या हातचं कोण पिणार? मले तक्रारी नाई पाहिजे."

म्हणालो, घटनेत लिहिलं आहे.

"घटना गाडीत बसून येत नाई ना, बाप्पा!"

अर्ज परत घेतला नाही.

२२ एप्रिल

वरून हुकूम आला. उन्हाळ्यापुरती कच्ची नेमणूक. लोक प्यायले तर जागा कायम. नाही तर पुन्हा हमाली.

गुणवंतराव हळूच म्हणाले, "कोणी जात विचारली तं पांडे सांग. कोणाले समजते?"

नाही सांगणार. तसं सांगून मिळाली तर जागा पांड्यांचीच राहिली.

२३ एप्रिल

दोन गाड्या. बादली भरलेली नेली, भरलेली आणली. सोबतचा हमाल लटारू तेवढा प्यायला. वर म्हणतो, "पांडेजी, आशीर्वाद द्या!" पोट धरून हसलो.

३० एप्रिल

सावली गावाकडचा एक शेतकरी. ओंजळ धरली, मग जात विचारली. सांगितली. ओंजळ तशीच—हलेना, मिटेना. मग म्हणाला, "ओत ना लवकर! गाडी सुटून राह्यली."

एक!

६ मे

आज अकरा जण. घरी दारात पाऊल टाकताच बायको, गुणा, विचारते, "किती प्याले जी?" तिला घाई माझ्यापेक्षा जास्त.

एकाने बादली लाथाडली. भरून आणली. त्याच्याच डब्यासमोर उभा राहिलो—गाडी हलेपर्यंत.

९ मे

सतरा.

१४ मे

दुपारची गाडी. खिडकीशी एक बाळंतीण, कोवळी पोर. मान टाकलेली, ओठ फाटलेले. सासूने रिकामा तांब्या पुढे केला, मग छातीशी धरला.

"कोन जात?"

पोरीकडे पाहिलं.

"पांडे," म्हणालो.

पोर दोन तांबे प्यायली. डोळे उघडले. सासू डब्यातून उतरली आणि माझ्या पाया पडली.