चर्चच्या करमाफीचा अर्ज

प्रिय दामिनी,

अनेक आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? भूषणरावांचा खोकला थांबला का, आणि मोहितच्या हाताचं प्लास्टर निघालं का? तुझ्या सासूबाईंना, अन्नपूर्णाबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नीट दिसत असेल, तर माझा नमस्कार त्यांना स्वतःच वाचू दे. मी बरा आहे. गुडघे वाजतात, पण जुनं दार म्हटलं की बिजागरी वाजायचीच. तुझ्या आईचं खाली लिहितो.

फोन असताना पत्र कावून, असं म्हणशील. फोन आला की आई स्पीकर लावायला सांगते, आणि अंगणात जाऊन बोलावं तर खिडकीशी तिचीच खाट.

तुला माहीतच आहे, अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी हात टेकले होते, तेव्हा आपल्या कोहक्यातल्या चर्चच्या मागच्या खोलीत बेबीताईंनी तिला उभं केलं. रिटायर नर्स, पण एक पैसा घेत नसत. दोन आडवे पाइप, त्यांना धरून चालायचं. पहिले आठ दिवस आई भ्यायली, या आपल्या गळ्यात क्रॉस घालतील म्हणून. महिन्याभरात ती बेबीताईंशी भांडायला लागली, तेव्हा मी समजलो की बरी होऊन राहिली. दिवाळीत पाइप सोडून सात पावलं चालली.

मग चर्चला संपत्तिकराची नोटीस आली. प्रार्थनेच्या जागेला माफी असते, पण तसा अर्ज कोणी कधी केलाच नव्हता. शेजारच्या नरेशचं म्हणणं, आपण पोलादाच्या भट्टीपुढे भाजून घरं बांधली, त्यांचा कर भरतो, मग यांना कशाची सूट? मी म्हटलं, मंदिरालाही आहे की. तर म्हणतो, काका, ते वेगळं. मला राग आला. जिथे माणूस फुकट पायावर उभा राहतो, तिथे कर कसला? मीच पास्टर अमरदीपला म्हणालो, अर्ज मी लिहितो.

माझी शाळा चौथीची, पण प्लांटमध्ये पस्तीस वर्षं शिफ्टचं रजिस्टर माझ्या हातचं. तिथे एकच शिस्त, जे झालं ते सगळं लिहायचं. तसाच अर्ज लिहिला. शिवणवर्ग, औषधांचं कपाट, पोरींची शिकवणी, व्यायामाची खोली, गरिबांच्या लग्नाला दिलेला हॉल. वाटलं, चांगुलपणा जितका जास्त, तितकी माफी पक्की. अमरदीपने वाचून माझे दोन्ही हात धरले आणि सही केली.

पालिकेची पाहणी झाली. माफी फक्त प्रार्थनेच्या हॉलला. बाकी खोल्यांना कर, तोही मागच्या वर्षांसकट. मी ऑफिसात जाऊन बाबूशी भांडलो. त्याने न चिडता कागद माझ्याकडे फिरवला. “दादा, ये सब आपने ही तो लिखा है।” माझंच वळणदार अक्षर.

चाळीस घरांचं चर्च, कुठून भरणार? शिवणयंत्रं गेली, पाइप उपटले, मागच्या खोलीत बाकं मांडली. आता तिथे फक्त प्रार्थना होते, म्हणजे सहा दिवस कुलूप असतं. बेबीताई लेकीकडे जगदलपूरला गेल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत, उलट आईसाठी तेलाची बाटली ठेवून गेल्या. मी तिला व्यायामासाठी दुसरीकडे न्यायला निघालो, तर ऑटोत चढवताना दोघंही पडलो. तेव्हापासून ती उठायचं नाव काढत नाही. पाय पुन्हा काडीसारखा झालाय.

आणि पोरी, पत्र यासाठी. परवा नरेशची बायको बसायला आली होती. तिच्यासमोर आई म्हणाली, “आपन त्यायच्यातले नाही ना, म्हनून हाकललं आपल्याले.” आता गल्लीभर तेच चाललंय. अमरदीप समोरून गेला की आई तोंड फिरवते, तो तरी नमस्कार करतो. मी तिथेच बसून असतो. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिला भरवायला, कूस वळवायला माझेच हात आहेत, आणि खरं कळल्यावर ती हे हात लावू देणार नाही, याची मला भीती वाटते. तू ये, आणि तूच तिला सांग. त्याने तिचा पाय परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. गल्लीतलं बोलणं थांबेल असंही वाटत नाही. तरी सांग. कधी निघतेस ते लगेच लिही, फोनवर नको.

तुझाच,
बाबा