मधाची बरणी आणि हलणारा सूर

सोमवार, ४ मार्च

आली! पुन्हा आली! दोन वर्षे सुखाची गेली. वाटले होते, ती गाणारी बाई मुकाट्याने घरी बसली. आज पाहतो तर साच्यावर तिचीच तबकडी. गाण्याचे नाव 'दिवा राहू दे'. मी म्हणतो, विझव आणि झोप!

वर्तमानपत्रे हिला 'मधाळ गळ्याची' म्हणतात. आमच्या तबकड्यांच्या कारखान्यात पॅकिंगच्या बायकांनी त्याचे 'मधाची बरणी' केले, आणि आता सगळे नुसते 'बरणी' म्हणतात. मध कधीच संपला, मुंग्या तेवढ्या उरल्या. तरी झाकण उघडेच.

लेबलवर 'दीवा' छापले होते. सगळी परत पाठवली. छपाईवाला म्हणाला, "अरे, गाणं ऐकायचं असतं, वाचायचं नसतं!" असल्या लोकांच्या हाती छापखाने!

मंगळवार, ५ मार्च

सकाळी तबकडी वाजवायचे माझे यंत्र पुसले, तेल दिले. रोज देतो. मिस्त्री दारात उभा राहून म्हणाला, "ते यंत्र आहे, पैलवान नाही. किती तेल पाजशील? थाळीच्या खाली तिला फिरवणारं रबरी चाक असतं, रबराला तेल सोसत नाही." ज्याच्या स्वतःच्या यंत्रावर बोटभर धूळ, तो मला शिकवणार!

माझे काम ऐकण्याच्या खोलीत. नव्या ढिगातली एक तबकडी उचलायची, सुई टेकवायची, कान लावायचा. खरखर आली, टकटक आली, की ढीग बाद. फोडून पुन्हा भट्टीत. लोक म्हणतात, मजा आहे बुवा, बसून गाणी ऐकायची! गाणी कोण ऐकतो? मी दोष ऐकतो. आणि एक दोष सुटला की मीच भट्टीत, कारण मी अजून हंगामी. मोठ्या साहेबांना 'कायम'चे विचारले की 'बघू' म्हणतात. त्यांच्या 'बघू'ला दाढी आली.

गुरुवार, ७ मार्च

ताईला बातमी कळली. (पॅकिंगमधल्या बायका तिच्याकडे ब्लाउज शिवायला टाकतात, त्यांचे तोंड म्हणजे उघडी मोरी.) मी घरात पाऊल टाकतो तोच, "नवं गाणं आलं म्हणे? कसं आहे? सांग ना! शेवटचा सूर लांब आहे का?" आई म्हणाली, "त्याला आधी जेवू दे, मग सुराचं बघ."

सांगितले, की मी अजून ऐकले नाही आणि ऐकेन तेही पोटासाठी.

त्यावर जी सुरू झाली! लढाई संपली त्या वर्षी 'तुझा कोट माझ्या खुंटीवर' कसे घराघरांत वाजत होते. मग 'पिवळा रुमाल', मग 'जिन्यावरची पावले'. मला काय सांगते? मी शाळेत होतो, तेव्हा रस्त्यावरची एकूण एक बाई पिवळा रुमाल घेऊन हिंडत होती, जशी काही कावीळ पसरली होती. आमच्या ताईने पांढरा रुमाल हळदीत बुडवला होता, आणि धुतल्यावर आईची सगळी पांढरी पातळे पिवळी!

आणि तो कोट! काय तर म्हणे, तो गेला आणि कोट राहिला, मी रोज त्याच्या खिशात हात घालते. त्याला विचारा. कोट टाकून पळाला, म्हणजे किती घाईत असेल!

आमच्याही खुंटीवर एक कोट आहे. दाजींचा. लढाईवर गेले ते गेलेच. ताई तो दर महिन्याला उन्हात घालते, कसर लागू नये म्हणून. त्यावर मी काही बोलत नाही.

त्या गाण्याची तबकडी तिने शिवणयंत्राच्या मागे ठेवली आहे, उशीच्या अभ्र्यात. लावायला यंत्र नाही घरात. नुसती पुसते.

शुक्रवार, ८ मार्च

सापडली!

'दिवा राहू दे' लावली. खरखर नाही, टकटक नाही. वाद्ये थांबतात, बरणी शेवटचा 'दे' धरते आणि धरूनच ठेवते. पाणी भरून येईल इतका वेळ. आणि तो सूर हलतो! एका पायाने लंगड्या खुर्चीसारखा. वर, खाली, वर, खाली.

आधी वाटले, भोक. भोक मधोमध पडले नाही तर तबकडी फेंगडी फिरते आणि सूर झुलतो. मिस्त्रीकडे नेली. त्याने मोजमाप लावले, चष्मा पुसून पुन्हा लावले. "केसभरसुद्धा फरक नाही. भोकाला कशाला बदनाम करतोस?"

दुसऱ्या ढिगातली लावली. तेच. तिसऱ्या. तेच.

भोक बरोबर, साचा बरोबर. मग हलते काय? गळा! बरणीला तडा गेला आहे आणि आजवर एकाच्या कानाला कळले नाही. इतरांच्या तबकड्यांत असले काही नसते. बँडवाल्यांचे नुसते धडाडधूम, आणि ती नवी गाणारी पोरगी सूर धरण्याआधीच सोडते. लांब सुराची हौस हिलाच. भोगा!

सोमवार, ११ मार्च

अहवाल दिला. काल बसून तीनदा लिहिला. एकही चूक नाही. शेवटचे वाक्य: 'तबकडी निर्दोष असून दोष गायिकेच्या आवाजात आहे.'

मोठ्या साहेबांनी उभ्याउभ्या वाचला, आणि मग बसून वाचला. तीन वर्षांत पहिल्यांदा मला खुर्ची दिली. तिचा करार या महिनाअखेर संपतो, पुढे करावा की नाही यावर वरच्या मजल्यावर खल चालू आहे. नवी पोरगी स्वस्तही आहे आणि कोवळीही. साहेबांना फक्त निमित्त हवे होते, आणि मी ते ताटात वाढून दिले!

फीतवाला (ध्वनिमुद्रण तोच करतो, तिच्या पहिल्या गाण्यापासून) धावत आला. "माझ्या फितीवर सूर सरळ आहे साहेब! एकदा चला, ऐका तरी!" साहेब म्हणाले, "तुम्ही तिच्याबरोबरच म्हातारे झालात. तुम्हाला ती सरळच ऐकू येणार." मी खाली पाहिले, नाहीतर हसू फुटले असते. फीतवाला माझ्याकडे वळला. "तुझं यंत्र तपासलंस का रे?"

माझे यंत्र! ज्यावर माशीला बसायची लाज वाटते ते! मी म्हणालो, "रोज पुसतो, रोज तेल देतो. तुमची फीत तपासा."

बुधवार, १३ मार्च

आज ती स्वतः आली. माझ्या खोलीत!

मला वाटले होते, अत्तराचा लोट, दोन नोकर आणि कुत्रे असेल. एकटीच होती. साधा करडा कोट, हातात छत्री. छायाचित्रातल्यापेक्षा बुटकी. मागे मोठे साहेब, चेहरा मयताला आल्यासारखा.

"तुम्हीच का ते कानवाले?" तिने विचारले. मला आजवर कोणी 'तुम्ही' म्हटले नव्हते कारखान्यात. "मला ऐकवा."

मी तबकडी लावली. ती म्हणाली, "मी माझी तबकडी कधी ऐकत नाही. घरात एकही नाही. ऐकली की पुढच्या वेळी मी स्वतःचीच नक्कल करते." बारा वर्षे गाते आहे आणि स्वतःचे ऐकत नाही! स्वयंपाकिणीने चव न घ्यावी तसे. मनात म्हटले, म्हणूनच ही वेळ आली.

शेवटचा सूर आला. तिचे बोट टेबलावर होते. सूर हलला तसे बोट हलले. वर, खाली.

"पुन्हा लावा."

पुन्हा लावली.

"हो," म्हणाली. "हलतो."

साहेब 'वय सगळ्यांचंच होतं' वगैरे पुटपुटले. तिने तिकडे पाहिलेच नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "गाताना मला सरळ वाटला होता. अगदी सरळ. म्हणजे गळा गेला तो गेला, कानही गेले."

मी सुई पुसली.

"तुम्हाला आवडतात का हो माझी गाणी?"

"नाही." तोंडातून निघूनच गेले. साहेबांचे डोळे बाहेर आले.

ती हसली! "मलाही तो 'पिवळा रुमाल' नाही आवडत. रुमाल हलवून हलवून खांदा कायमचा दुखावला. पण लोक सोडतात होय?" मग छत्री उचलली. "इतकी वर्षं सगळे 'छान छान' म्हणत आले. खरं सांगणारा एक तरी निघाला. धन्यवाद." दारात थांबून यंत्राकडे पाहिले. "किती चकचकीत ठेवलंय."

जेवणात लक्ष नव्हते. बरणीसाठी नव्हे. साहेबांसमोर 'नाही' म्हणालो म्हणून.

गुरुवार, १४ मार्च

साहेबांनी त्या 'नाही'बद्दल पाठ थोपटली! माणसाचे काही सांगता येत नाही.

सोमवार, १८ मार्च

करार संपला. संपवावा लागलाच नाही, बाईने आपणहून कळवले, यापुढे गाणार नाही. महिनाअखेर नाट्यगृहात एक शेवटचा कार्यक्रम, मग भावाकडे जाऊन राहणार, दूर कुठेतरी. 'दिवा राहू दे'चे सगळे ढीग फोडले. नमुन्याची एक प्रत नियमाप्रमाणे माझ्या कपाटात. तेच गाणे आता नवी पोरगी गाणार, 'दे' दोन टिचक्यांत उरकून.

फीतवाला समोरून आला तर भिंतीकडे पाहत गेला. जा!

शुक्रवार, २२ मार्च

कायम! कायम! कायम!

पत्रात माझ्या नावात चूक आहे. ती दुरुस्त करून मागितली. साहेब म्हणाले, "तू सुधारणार नाहीस." हसून म्हणाले.

आईने दृष्ट काढल्यासारखा चेहरा कुरवाळला. ताईने विचारले, "कशाबद्दल रे?" सांगून टाकले. लपवायचे काय त्यात?

तिने शिवणयंत्राचे चाक हाताने थांबवले. एवढेच. ताई बोलत नाही, तेव्हा घरात उभे राहायला जागा उरत नाही.

रविवार, ३१ मार्च

ताई शेवटच्या कार्यक्रमाला गेली. मला 'येतोस का' म्हणून विचारलेही नाही. तिने विचारले असते तर मी म्हटले असते, मयताला जातो, पण रडायला नाही.

एका हातात तुटलेली चप्पल घेऊन अनवाणी परत आली. पाणी प्यायली आणि उभ्यानेच म्हणाली, "हलला नाही."

"काय?"

"सूर. कोटाच्या गाण्यातला शेवटचा. तिने धरला, आणि आमच्या अख्ख्या रांगेत कुणी श्वास घेतला नाही. ताणलेल्या दोऱ्यासारखा होता रे. सरळ!"

मी म्हणालो, "तुझे कान भक्तीचे. तिने खोकला असता तरी तू टाळ्या वाजवल्या असत्यास."

"आणि तुझे कशाचे?"

"माझे कामाचे. यंत्रावर हललेला सूर मी स्वतः ऐकला, तिने स्वतः ऐकला."

"तिचं तू नको सांगूस मला." ताईने अभ्र्यातली तबकडी काढली आणि माझ्यापुढे धरली. बारा वर्षांत ती कुणाच्या हातात दिली नव्हती. मला तर बोटसुद्धा लावू दिले नव्हते. "ही तुझ्या यंत्रावर लाव. हीच ती, तरुणपणची. मग मला येऊन सांग, तेव्हा कशी होती आणि आज कशी झाली."

आई म्हणाली, "भांडू नका गं, शेजारी ऐकतात." ऐकू देत! नेतोच. तेव्हाचा सरळ सूर आणि आताचा वाकडा, दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो. एकदाचे मिटू दे हे बरणीपुराण.

सोमवार, १ एप्रिल

नव्या पोरीचे ढीग आले. वेळ झाला नाही. साहेब म्हणाले, बाई सकाळच्या गाडीने गेली, स्टेशनवर फक्त फीतवाला होता. शोभतो.

मंगळवार, २ एप्रिल

ताईची तबकडी लावली.

शेवटचा सूर हलला. तसाच. वर, खाली.

थाळी उपसली. रबरी चाक फुगून लोण्यासारखे मऊ पडले होते. बोटे तेलाने माखली. माझ्याच.

कपाटातली नमुन्याची प्रत घेतली, मिस्त्रीच्या धुळकट यंत्रावर 'दिवा राहू दे' लावली. तो म्हणाला, "ती बाद केलेलीच ना?" मी बोट ओठांवर ठेवले.

'दे' सरळ होता. ताणलेल्या दोऱ्यासारखा. संपेपर्यंत.

बाई मला धन्यवाद म्हणून गेल्या.