श्वास घेणारं अस्तर

६ मे
आजपासून रोजनिशी. खरं तेच लिहायचं. बुलेटप्रूफ जॅकेटमधून गोळी आत शिरत नाही, पण घामही बाहेर पडत नाही. यावर अख्ख्या कारखान्यात एकच माणूस विचार करतो. मी. माझं नवं अस्तर श्वास घेतं! ट्रायल पास झाली की लॅबचा हेड मीच, असं साहेब म्हणाले. म्हणजे 'बघू' म्हणाले. अर्थ एकच.

७ मे
कपात पाणी, वर अस्तर, कडेने मेण. उद्या वजन करायचं. जेवढं पाणी उडालं तेवढा कापडाचा श्वास. ज्युनियर म्हणाली, सर, एका बाजूचं मेण राहिलंय. कालची पोर! म्हटलं, वीस वर्षं मी हेच करतोय.

८ मे, सकाळी ९
अर्धा कप रिकामा! अस्तर श्वास काय, धापा टाकतंय. ज्युनियर म्हणते टेस्ट परत करू. जळतात मेले!

११ मे
ट्रायलला जॅकेट स्वतःच घालणार. घरी सराव केला. दहा मिनिटांत बनियन पिळायला आलं. बायको म्हणाली, हे घालायचं असतं की यात माणूस उकडायचा असतो? तिला सायन्स कळत नाही. फुल पंख्याखाली पुन्हा केलं. रिझल्ट उत्तम.

१२ मे
ट्रायल एसी हॉलमध्ये घ्या, असं सुचवलं. साहेब म्हणाले, गच्चीवर, दुपारी एकला, वीस फेऱ्या. हरकत नाही. सोनं आगीतच पारखतात.

१३ मे, दुपारी १२.४५
तयार. हेड झाल्यावरचं भाषण पाठ.

१३ मे, संध्याकाळी ५, दवाखाना
चौथ्या फेरीत जरा बसलो. लोक त्याला कोसळलो म्हणतात. ज्युनियरने पट्टे कात्रीने कापून जॅकेट काढलं. कापलं! साहेब म्हणाले, कापड घेत असेल श्वास, तुम्ही घेत नव्हतात. ज्युनियरने नीट मेण लावून टेस्ट परत केली म्हणे. कपातलं पाणी जसंच्या तसं. बायको नुसती माझे तळपाय चोळत बसली. मला रडूच आलं. सलाईनमुळे असेल.

१९ मे
जॅकेट पास! दोनशेची ऑर्डर! शीतगृहाच्या पहारेकऱ्यांसाठी. आतली ऊब तसूभरही बाहेर जात नाही, याचं सगळं श्रेय तुमच्या अस्तराला, असं नवीन हेड म्हणाल्या. नवीन हेड म्हणजे ज्युनियर. मग म्हणाल्या, उद्यापासून आठ दिवस शीतगृहात ट्रायल आहे, तुम्हीच घालाल ना?
मी म्हटलं, हो मॅडम.