डुफीच्या बेंबीचं काम मी हातात घेतलं

३ जानेवारी, सकाळी सहा
आजपासून डुफीच्या बेंबीचं काम मी स्वतः हातात घेतलं आहे. नोंद हवी म्हणून ही वही. कोणी वाचायची नाही.
डुफी माझी मुलगी, तीन वर्षांची. बेंबी लिंबाएवढी बाहेर. रडली की मोसंब्याएवढी. दवाखान्यात मुलांच्या वजनाच्या दिवशी सिस्टर फॉस्टिनाने चाचपून सांगितलं, हर्निया आहे, आतलं भोक बुजलेलं नाही. बहुतेक मुलांचं पाचव्या वर्षापर्यंत आपोआप बुजतं, नाही बुजलं तर ऑपरेशन. तोवर काही बांधू नका. कडक झाली, दुखायला लागली, ओकारी झाली तर धावत या. ती हे सगळ्यांनाच सांगते.
आपोआप म्हणे! बावीस वर्षं कुमासी शहरात टायरची पंक्चर काढतोय. आपोआप बुजलेलं एक भोक दाखवा मला.

४ जानेवारी
खरं कारणही लिहून टाकतो. डुफी दवाखान्याच्या वाटेवर शेजारच्या बोआतेंगच्या टॅक्सीत झाली. नाळ मी कापली. दुसरं कोण होतं तिथे? बोआतेंग तर स्टिअरिंगवर डोकं टेकून देवाचा धावा करत होता. आता आवारातल्या बायका बेंबी बघतात आणि विचारतात, नाळ कोणी कापली गं हिची? सगळ्यांना माहीत आहे. तरी विचारतात. आणि सासूबाई दर वेळी उत्तर देतात.
डुफीला काही वाटत नाही. बोटाने आत ढकलते आणि खिदळते. मी मात्र तिचा फ्रॉक खाली ओढतो. माझ्या हाताने बिघडलं असेल तर माझ्याच हाताने नीट व्हायला हवं.

६ जानेवारी
पट्टा तयार. सायकलची मऊ ट्यूब, दोनदा साबणाने धुतलेली. मधे गोल पॅच. टायरला फुगा आला की पॅच आतून लावतात. इथे आत जायची सोय नाही, म्हणून बाहेरून. तत्त्व तेच.
सेरवा म्हणाली, मग एक व्हॉल्व्हपण बसवून टाका, अधूनमधून हवा भरता येईल. बायकोचं बोलणं हसण्यावारी नेलं. तिच्या आईचं काय? रोज गरम फडक्याने शेकतात, शिआच्या बियांचं लोणी चोळतात. अगदीच अशास्त्रीय प्रकार.

९ जानेवारी
पहिल्या दिवशी बेंबी एक इंच बाहेर. आज पाऊण! डुफी दुपारी झोपली की मोजतो. सेरवा म्हणते, रडताना मोजा की, मग कळेल. आता हिला काय सांगायचं? हवा नेहमी टायर गार असताना मोजतात. गाडी पळवून आणली आणि लगेच मोजली तर आकडा चुकणारच.

१४ जानेवारी
अर्धा इंच. बोआतेंगला सांगितलं. म्हणाला, बाबा रे, डॉक्टरला दाखव. ह्याच्या टॅक्सीची मागची दोन्ही चाकं गुळगुळीत, आणि हा मला सल्ला देतोय.

१९ जानेवारी
बेंबीभोवती लाल चट्टा. कोरडा वारा सुटलाय, धूळ फार. पट्ट्याचा संबंध नाही. डुफी म्हणाली, पापा, काढ. काढला. सेरवा बाजारात गेल्यावर परत बांधला, पण ढिला. मी काही राक्षस नाही.

२३ जानेवारी
वजनाचा दिवस. सिस्टरने चट्टा बघितला आणि आख्ख्या रांगेसमोर विचारलं, हे कोणी केलं? सेरवा म्हणाली, आमच्याकडे घरचे सर्जन आहेत. रांग हसली म्हणे. हसू देत.
हसण्यावर भागलं नाही. सिस्टरने मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. भोकातून दोन बोटं जातात, एवढं मोठं आहे तर पाचव्या वर्षाची वाट न बघता सर्जनना दाखवा. तारीख बारा फेब्रुवारी. सेरवाने ठरवूनही टाकलं. मला विचारलंच नाही.
ऑपरेशन म्हणजे गुंगीचं औषध. एवढ्याशा पोरीला. आणि उठलीच नाही तर? आणि उठली तरी आवारात काय बोलतील? बापाने फाडलं, डॉक्टरने शिवलं. सेरवाने पट्टा बांधणार नाही असं वचन घेतलं. दिलं.

२४ जानेवारी
बारा तारखेच्या आत भोक बुजलं तर ऑपरेशनच नको. म्हणजे पट्टा बांधणं हे वचन मोडणं नव्हे, तर वचनाची गरजच संपवणं. रोज एक तास, सेरवा बाजारात असताना. डुफीला सांगितलं, आपल्या दोघांचं गुपित. ती म्हणाली, मला नको गुपित.

५ फेब्रुवारी
पाव इंच! गार मोजमाप. सेरवाला सांगायची सोय नाही. इतकी चांगली बातमी आणि एकट्यानेच खायची.

८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ९.१०
सेरवा आणि सासूबाई काळे कपडे घालून अंत्यविधीला गेल्या, मामांच्या गावी. डुफी माझ्याकडे. पट्टा सोडला तर बेंबी कडक! दाबली, आत जाईना. यश! कच्चं रबर मऊ असतं, शिजलं की कडक होतं. पॅच धरलाय. आणि आत जात नाही म्हणजे आत जायला भोकच उरलं नाही!

१०.४५
डुफी रडतेय. आई नाही म्हणून. सकाळची पेज ओकली. पेज आंबली असेल.

१२.२०
परत ओकली. हिरवं. पालेभाजी तर परवा खाल्ली होती. बेंबीचा रंग जांभळट. हात लावू देत नाही, किंचाळते. पाय पोटाशी घेऊन पडलीय.

१.००
सिस्टरचं बोलणं डोक्यातून जाईना. ती सगळ्यांनाच सांगते. सगळ्यांनाच सांगते ती.

१.१०
डुफी रडायची थांबली. नुसती बघतेय माझ्याकडे. बोआतेंगला टॅक्सी काढायला हाक मारली. देवा, मला ने, हिला नको.

९ फेब्रुवारी, हॉस्पिटल
क्रमाने लिहितो.
डॉक्टर आन्सा बाईंनी विचारलं, कडक कधी झाली? मी म्हणालो, बाराच्या सुमारास. सेरवा तोवर पोचली होती, अंत्यविधीच्याच कपड्यांत. तिने माझ्या खिशातून ही वही काढली, पानं उलटली आणि मोठ्याने वाचलं. नऊ वाजून दहा मिनिटं. पुढचा शब्दही वाचला. यश. डॉक्टर आत गेल्या.
आतडं अडकलं होतं. काळंनिळं पडलेलं, पण सोडवल्यावर रंग परतला. कापावं लागलं नाही. भोक शिवलं. डुफी उठली. पाणी मागितलं. मी जिन्यात जाऊन ढसाढसा रडलो.
मग डॉक्टरांना विचारलं, नाळ नीट कापली नव्हती म्हणून झालं ना? त्या म्हणाल्या, नाळेचा तुकडा वाळून गळतोच, कोणीही कापो, कशीही कापो. आतलं भोक शरीर बुजवतं. तुमचा काही दोष नव्हता.
तीन वर्षं छातीवर धोंडा घेऊन फिरलो. तो माझा नव्हताच.
मग पट्ट्याचं विचारलं. म्हणाल्या, पट्ट्याने भोक बुजत नाही. त्याच्यामुळेच अडकलं का, ते छातीठोक सांगता येणार नाही. पण ते चार तास तुमचे.

१७ फेब्रुवारी, दुपार
डुफी घरी. खाते, पळते, ओरडा खाते. सेरवा माझ्याशी मीठ-पाण्यापुरतं बोलते. सासूबाई तेवढंही नाही.
आज आवार डुफीला बघायला आलं होतं. डुफी एकेकापुढे फ्रॉक वर करून टाके दाखवत होती. बायकांना दाखवले. बोआतेंगला दाखवले, त्याने शिट्टी वाजवली. मग माझी पाळी आली. टाके सरळ आलेत का तेवढंच बघायचं होतं, मला त्यातलं कळतं. मी खाली बसलो तशी तिने फ्रॉक सोडला आणि दोन्ही हात पोटावर घट्ट धरले.
मी म्हणालो, पापा काही करणार नाही, राणी. नुसतं बघतो.
ती म्हणाली, तू नको.
मी दोन्ही हात पुढे करून दाखवले. हातात काही नव्हतं. तिने ते नीट बघितले, आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली.