डोकं काही पाण्यात जात नाही

हैदराबाद

ती. बाबांना सुजयचा नमस्कार. मी बरा आहे. भात पोटभर मिळतो, मासे मात्र तळ्यातले, चिखल खाल्ल्यासारखे. होडीच्या इंजिनाने तुमचे कान गेलेत, फोनवर अर्धंच ऐकता, म्हणून लिहितोय. आपल्या वेदिकाकडून कानाशी मोठ्याने वाचून घ्या.

सोसायटीच्या पोहण्याच्या तलावातला पालापाचोळा काढायचं काम चालू आहे. इथे पोहणं शिकवणारे रेड्डी सर म्हणतात, रविवारी बटरफ्लाय पोहून दाखव, मग पोरांना शिकवायला ठेवतो. पोहण्याचे बाकी सगळे प्रकार जमले, हाच मेला जमत नाही. दोन्ही हात एकदम पुढे फेकायचे, पाय जोडून शेपटीसारखे मारायचे आणि डोकं पाण्यात. माणसाने असं पोहायचं कशाला? खांदे रात्रभर ठणकतात. हे वेदिकाने आईसमोर वाचू नये.

हात जमले, पाय जमले. डोकं खाली घातलं की आपोआप वर येतं आणि मागचं सगळं अंग बुडतं. काल सर सगळ्यांसमोर म्हणाले, "रत्नागिरीचा ना तू? मग पाण्याला घाबरतोस कशाला?" मी घाबरतो म्हणे.

त्यांना काय सांगू? लहानपणी कमरेला सुके नारळ बांधून तुम्ही मला मिरकरवाड्याला पाण्यात सोडलंत, आणि होडीतून ओरडत राहिलात, "डोकं वर ठेव, होडी नजरेआड करू नको." तेच कानात बसलंय.

अजून एकटेच होडी काढता का? धाकूकाकांना सोबत नेत जा.

एक करा. शनिवारी फोन करा. माझं ऐकू आलं नाही तरी चालेल. फक्त तसंच ओरडून सांगा, "घाल आता डोकं पाण्यात."

तुमचा,
सुजय