शेकोटी पेटेना

६ फेब्रुवारी, गुरुवार

वीज गेली! किटली ठेवली आणि गेली. भिंतीतले हीटर सगळे विजेवरचे, ते दुपारपर्यंत गार. रेडिओ सांगतोय, बर्फाचं वादळ अजून दोन दिवस, घराबाहेर पडू नका. जसं काही मी कुठे निघालेच होते!

हो, निघायचं होतं एकदा. विनी हॅलिफॅक्सहून बोलावत होती — "ताई, वरची खोली रिकामी आहे, बेकरीत तुला कामही लावून देते." नाही म्हटलं. माझा लिओ वारून दोन वर्षं झाली आणि मी अजून त्याच्या बापाला सकाळचं अंडं उकडून देतेय. म्हाताऱ्याला एकट्याला टाकून जाणार कशी? मोडका खुबा, त्र्याऐंशी वर्षांचं वय, आणि तोंड असं की दुसरं कुणी आठवडाभर टिकणार नाही.

असो. बैठकीच्या खोलीत गॅसची शेकोटी आहे. तिला वीज लागत नाही. लिओनंच बसवली होती.

त्याच दिवशी, संध्याकाळ

पेटत नाही.

७ फेब्रुवारी

सकाळपासून तिच्यासमोर गुडघ्यांवर. खटका दाबून धरायचा, ठिणगीचं बटण मारायचं — आत बारकी निळी ज्योत लागते. खटका सोडला की गेली! पुन्हा दाबा. पुन्हा गेली.

तांडेल (सासरे जन्मभर बोटीचे कप्तान होते, म्हणून सगळा गाव त्यांना तांडेल म्हणतो, मीही) खुर्चीत तीन गोधड्या गुंडाळून हुकूम सोडतायत.

"गॅस संपला असेल."

"संपला असता तर ज्योत लागली असती का?"

"मग जरा जास्त वेळ दाबून धर."

"अंगठा निळा पडलाय, तांडेल. आणखी किती धरू?"

"लिओ असता तर एका झटक्यात—"

"लिओ नाहीये!"

 खटका पुन्हा दाबला.

जेवायला पाव आणि काकवी, डब्यातलं सॉसेज तसंच गार. चहा नाही. चहावाचून तांडेल म्हणजे आजारी वाघ.

नंतर

सापडलं! निदान अर्धं तरी. त्या ज्योतीच्या शेजारी तांब्याची एक काडी उभी असते. ती तापली तरच गॅस चालू राहतो, नाहीतर आपोआप बंद. काडीवर काजळी बसली होती, जाडजूड. भांडी घासायच्या तारेनं हलकेच घासली. आता ज्योत टिकते. मी ओरडलेच. तांडेल म्हणाले, "हं. आता मोठी पेटव, मग नाच."

मोठी पेटवली. भप्पकन पेटली! पाच मिनिटं स्वर्ग. मग ज्वाळा पिवळ्या पडल्या, आळसावल्यासारख्या लोळायला लागल्या आणि विझल्या. छोटी ज्योतही विझली.

पुन्हा पेटवली. पुन्हा तेच.

८ फेब्रुवारी, शनिवार

पुढचं दार उघडलं तर समोर बर्फाची भिंत. दाराचा ठसा उमटलाय तिच्यावर, कडीसकट. मागचं दारही तसंच. खालच्या खिडक्यांतून उजेड येत नाही, नुसता निळसर अंधार. पेटीत बसल्यासारखं वाटतंय. फोन मेलेला. श्वास घेतला की वाफ दिसते, घरात!

तांडेलांची बोटं पांढरी पडलीयत. शिव्या देत नाहीयेत. त्याचीच भीती वाटली.

मग भांडण झालंच.

"शेकोटीची पुढची काच काढ आणि पेटव. घरातली हवा घेईल."

"आणि धूर? तो कुठे जाईल?"

"गॅसला कुठला आलाय धूर?"

"दिसत नाही म्हणून नसतो होय? झोपेत मरायचंय का दोघांनी?"

"गारठून मरण्यापेक्षा बरं! तुला काय, तुझं वय आहे अजून—"

"काच निघणार नाही. मी या घरात आहे तोवर नाही."

त्यांनी उठून स्वतः काढायचा प्रयत्न केला. जमिनीवर बसले ते बसलेच. काखेत हात घालून उठवलं. किती हलके झालेत! कधी झाले?

त्यांना परत खुर्चीत बसवताना डोक्यात आलं — शेकोटी हवा घेते कुठून? भिंतीबाहेरच्या जाळीतून. धूरही तिथूनच सोडते. आणि भिंत तर गाडलीय! तिचं नाकच बुजलंय.

९ फेब्रुवारी, रविवार

अंगावरचे कपडे अजून ओले आहेत. लिहिते तरी.

वारा जरा पडला तशी वरच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर निघाले. कमरेला दोर — जिना बसत बसत चढून आलेल्या तांडेलांनीच गाठ मारली. दोराचं दुसरं टोक पलंगाच्या लोखंडी पायाला दोन वेढे देऊन त्यांच्या हातात. बोटं चालत नव्हती, पण गाठ बरोबर पडली.

"ओढ बसली की मी धरून आहे असं समज," म्हणाले.

बाहेर काहीच नाही. ना कुंपण, ना शेजारच्यांची शेड, ना समुद्र. नुसतं पांढरं. बैठकीच्या खिडकीचा अंदाज घेऊन भिंतीलगत खाली खणत गेले. खांद्यापर्यंत गेले असेन, फावडं जाळीवर खणकन वाजलं. बर्फाचं बूच बसलं होतं तिच्यावर. ते फोडते न फोडते तोच वरची कड ढासळली.

छातीपर्यंत गाडले गेले. एक हात आत अडकलेला. तोंडात बर्फ. ओरडले तर आवाज माझा मलाच ऐकू येईना. वाटलं, संपलं, आणि तेही या घराच्या भिंतीला चिकटून!

तेवढ्यात दोर ताणला गेला. जोर फार नव्हता, पण सैल काही पडला नाही. मी तसूभर वर सरकले की तोही तसूभर आवळायचा. त्याला धरून धरून निघाले. जाळीसमोरचा बर्फ पुन्हा काढला, आणि खिडकीतून आत पडले.

तांडेल पलंगाला पाय लावून जमिनीवर बसलेले. तळहात सोलून निघाले होते.

"काय गं, घर बांधत होतीस का बाहेर?"

मग तोंड फिरवलं त्यांनी.

शेकोटी पेटली. ज्वाळा निळ्या, ताठ. घटकेघटकेला बघतेय, विझली नाही. वारा चढला की पुन्हा जाऊन जाळी मोकळी करावी लागणार. करीन.

१० फेब्रुवारी

विझली नाही! तिच्यासमोर बसून पत्ते खेळलो. तांडेल उघड उघड लबाडी करतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वीज आली, रस्ता मोकळा झाला. दुपारी फोन वाजला, तांडेलांसाठी. पलीकडच्या गावातल्या वृद्धाश्रमातून. खाट रिकामी झालीय म्हणे. मला वाटलं चुकून लागलाय. त्यांनी मान खाली घालून सांगितलं, "मीच नाव घातलंय. मागच्या वर्षी दोनदा बोलावलं त्यांनी. नाही म्हटलं. मी गेलो तर तू एकटी या घरात काय करशील, म्हणून." मग पट्टी बांधलेल्या हातांनी मांडीवरची गोधडी घडी घालून ठेवली. "सोमवारी सोडशील का मला तिकडे, लोरेटा?"

हो म्हणाले. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला, रडणं त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.